धाब्यावरचा वारा

“काय झालं व? काऊन हासून राह्यले?”

अंगणात आख्खी गल्ली पोट धरून हसत असायची आणि घराच्या सपाट मातीच्या छतावरून, म्हणजे धाब्यावरून, हा सवाल यायचा. विचारणारे आमचे शेजारी, कापसाच्या जिनिंगमधले मिस्त्री. एका हातानं अँटेनाचा लोखंडी खांब धरलेला, दुसरा हात कानामागे. तुम्ही खालून पाहिलं असतं, तर खांब कोणता आणि मिस्त्री कोणते हे पटकन कळलं नसतं, इतके ते काटकुळे.

मी लग्न होऊन नांदुऱ्याला आले, त्याच सुमाराला सासऱ्यांनी गल्लीतला पहिला टीव्ही घेतला. त्यांची धान्याची अडत होती, तेव्हा घेणार तेच. पण प्रक्षेपणाचं केंद्र लांब. मिस्त्रींनी खांब धरला की चित्र स्वच्छ, सोडला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. सासऱ्यांनी स्वतः शिडी चढून खांब धरून पाहिला, मुंग्यांनी दाद दिली नाही. त्यामुळे आठवड्याचा विनोदी कार्यक्रम लागला की आम्ही खाली आणि मिस्त्री वर. हसण्याची सगळ्यात जास्त हौस ज्या माणसाला, त्याला पडदा कधी दिसलाच नाही.

त्यांच्यासाठी शिडीच्या पायथ्याशी काकू बसायच्या. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. अंगानं चांगल्या भरभक्कम आणि आवाजही तसाच. आम्ही हसलो की त्या विनोद वर पोचवायच्या.

“आवो, पाव्हना घरी जातच नाही! मालकानं गुपचाप त्याची पेटी भरून ठेवली. त तो म्हणते, कुठं नेऊन राह्यले मले फिराले?”

विनोद वर पोचायला जरा वेळ लागायचा. मग मिस्त्री हसायचे. खांब हलायचा, खांबाबरोबर चित्र हलायचं, पडद्यावरचा पाहुणा कमरेत वाकडा व्हायचा आणि अंगण पुन्हा हसायचं, ते पहिल्यापेक्षा मोठ्यानं. ते ऐकून वरून पुन्हा, “आता काय झालं व?”

“तुमीच झाले!” काकू ओरडायच्या.

त्या गोंधळात पुढचे विनोद कुणी ऐकायचंच नाही. खरं सांगते, त्या कार्यक्रमातलं आज मला फारसं आठवत नाही. मिस्त्रींचं उशिरा येणारं हसू मात्र अजून कानात आहे.

सगळेच विनोद वर पोचायचे असं नाही. शहरी नटांच्या नाजूक कोट्या काकूंनी जीव तोडून सांगाव्यात आणि वरून नुसतं “मंग?” यावं. “मंग?” आलं की तो विनोद गेला, असं आम्ही समजायचो. कंजूष व्यापाऱ्याची थट्टा असली की मात्र मिस्त्री ती पुन्हा सांगायला लावायचे, आणि सासरे तेवढ्यापुरते पान लावण्यात गुंग व्हायचे.

एकदा पडद्यावर एक जाडी बाई आली. खाटेवर बसली, खाट मोडली, आणि तिचा नवरा कपाळावर हात मारून आमच्याकडे बघत राहिला. अंगणात एकच हशा झाला. हसता हसता एकेक मान शिडीकडे वळली. काकूंनी पदर सारखा केला.

“काय झालं व?” वरून आलं.

काकू शिडीची पायरी नखानं खरवडत राहिल्या.

“अवं, काय झालं?”

“काही नाही. एक जाडी बाई हाये. खाटीवर बसली, खाट मोडली.” त्यांचा आवाज जेमतेम धाब्यापर्यंत गेला.

“मंग? लागलं का तिले?”

तेवढ्यात पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

“वारा सुटला!” मिस्त्री ओरडले.

दारातल्या कडुलिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. सासरे चिडले. “अरे मिस्त्री, वारा कुठं हाये बे?”

“वर हाये ना, मालक. तुमाले खाली लागत नाही तो.”

थोड्या वेळानं वरून विचारणा झाली, “गेली का ते बाई?”

“गेली,” काकू म्हणाल्या, आणि वारा पडला. काकू पदरात तोंड लपवून हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या दिवशी मिस्त्री फार आवडले.

त्यानंतर वारा अधूनमधून सुटायला लागला. तोतऱ्याची नक्कल झाली, काळ्या मुलीला नकार आला, काकूंनी सांगायला तोंड उघडलं की वर वारा. पुढे पुढे मुंग्या आल्या की आम्हीच एकमेकांकडे बघायचो, कुणाला लागलं असेल म्हणून.

मग प्रक्षेपणाचा मनोरा जवळ झाला आणि आमचा खांब उतरला. मिस्त्री पहिल्यांदाच पडद्यासमोर येऊन बसले, इस्त्रीचा सदरा घालून, अगदी पुढे. विनोद झाला, सगळे हसले. मिस्त्री पडद्याकडे बघत राहिले आणि काकूंकडे वळून हळूच म्हणाले, “काय झालं व?”

काकूंनी सांगितलं. तेव्हा कुठे ते हसले. हातात नसलेला खांब गदगदा हलवत हसले, आणि आम्ही पुन्हा हसलो.

आता दोघंही नाहीत. धाब्याच्या जागी स्लॅब आहे. परवा टीव्हीवर जुने विनोदी कार्यक्रम लागले होते आणि आमच्या ह्यांचं नेहमीचं चालू होतं, की हल्ली हसायचीसुद्धा चोरी, कुणाला काय लागेल सांगता येत नाही.

“तेव्हाही लागतच होतं,” मी म्हटलं.

तेवढ्यात तीच खाट दिसली, तीच बाई आली. ती बसायच्या आत मी रिमोट दाबला.

“आजी, काय झालं?” नातीनं विचारलं.

“वारा सुटला.”

ह्यांनी वर छताकडे पाहिलं, आणि जरा वेळानं खुदकन हसले.