पुढच्या रविवारी आवळा टाकू

बातमी आली तेव्हा मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बहिणीसाठी मेथी निवडत होतो. फोन इक्बालच्या शेजाऱ्याचा होता. "आबा, इक्बालमामा गेलं. झोपेतच. दुपारच्या नमाजानंतर नेणार हायेत, निघा तुमी." मी जुडी परत ढिगावर ठेवली. भाजीवाली म्हणाली, "घ्या की, ताजी हाय," तर घेतली. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत जीपमध्ये ती जुडी मांडीवर घेऊन बसलो होतो. केडगावला पोचलो तेव्हा त्याला उचलत होते. खांदा द्यायला मिळाला, एवढंच... मेथी कुठं राहिली कोण जाणे.

इक्बाल आणि मी, दोघांनी कुरकुंभच्या एकाच कंपनीत उभा जन्म काढला. तो प्लँटवर, मी स्टोअरमध्ये. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो. तो बोलायचा, मी झोपायचो. निवृत्तीनंतर दोघांच्याही बायका लागोपाठ गेल्या, मुलं आपापल्या संसारात दूर. माझं बोलणं तर इतकं आटलं की सकाळी दूधवाल्याला "अर्धा" म्हटलं की दिवस संपला. इक्बालचं तसं नव्हतं. तोंड मिटून बसणं त्याला जन्मात जमलं नाही. एका उन्हाळ्यात त्याचा नातू सुट्टीला आला तो जादूच्या शाळेचा एक खेळ घेऊन आला. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या शाळेतले विद्यार्थी व्हायचं आणि आपण आता काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. फासा हिरवट, वीस बाजूंचा. सुट्टी संपली, नातू गेला, फासा कॉटखाली राहिला. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव आवळा ठेवलं आणि इक्बाल त्यांचा हेडसर झाला.

मूळ खेळातल्या शाळेत म्हणे सारखा बर्फ पडायचा. इक्बाल म्हणाला, "आपल्या पोरांनी बर्फ फक्त रसवंतीत पाहिलाय." त्यानं ती शाळा उचलून भीमेच्या पात्रात आणून ठेवली. मालगाडी दौंडकडे निघाली की शेवटच्या डब्यामागून ती क्षणभर दिसते, असं तो सांगे. पोरं फाटकापाशी जाऊन टक लावून बसत. दोघातिघांना दिसलीही. दर रविवारी दुपारी त्याच्या पुढच्या खोलीत आठदहा पोरं गोल करून बसायची आणि हा साठीचा माणूस उशीचा अभ्रा डोक्याला गुंडाळून मंत्रविद्येचा तास घ्यायचा. मला हसू यायचं आणि थोडी असूयाही वाटायची. मग एकदा तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"दत्तू, चल. वॉचमन पायजे शाळंला."

"मला नाही जमायचं बोलायला."

"बोलतो कोण? गेट उघडायचं. एकच वाक्य हाय."

ते वाक्य असं होतं: "कोण हाय? शिकायला आलाय का शिकवायला?" प्रत्येक पोरानं उंबऱ्यावर "शिकायला" म्हणायचं, मग मी बाजूला व्हायचं. तेवढ्या एका वाक्यासाठी मी शनिवारी दाढी करू लागलो.

त्याचे नियम मात्र पक्के होते. आवळा पडला तो पडला, रडून पुन्हा टाकता येणार नाही. खेळ उठला की शेवटचा आकडा वर ठेवूनच आवळा बशीत ठेवायचा आणि रविवारपर्यंत कुणी हलवायचा नाही, नाहीतर शाळा आपल्याला विसरते. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे मोठ्या मंत्राचा. मोठा मंत्र टाकला की त्याची किंमत म्हणून आपला आवाज हेडसरकडे द्यायचा आणि गप्प बसायचं. पुढं हेडसर तुमच्या नावानं आवळा टाकणार, बारा किंवा वर पडलं तर आवाज परत. या नियमानं एकदा घोटाळा केला. तनुजा नावाची चौथीतली पोरगी, वडील कुरकुंभला शिफ्टमध्ये. तिनं मंत्र टाकला, आवाज दिला आणि घरी जाऊनही गप्पच. संध्याकाळी तिची आई पदर खोचून आली. "मामा, काय केलंय पोरीला? दुपारधरनं बोलंना. जेवताना मीठबी खुणेनं मागितलं." इक्बाल स्वतःचा नियम मोडून आवळा खिशात घालून तिच्या घरी गेला, चुलीपुढं बसून टाकला, सोळा पडले. पोरगी पहिलं काय बोलली तर, "आये, भाजी अळणी झालीया." त्या दिवसापासून माझ्या एका वाक्याची दोन झाली. पोरं निघाली की दारात म्हणायचं, "गेटाबाहेर आवाज ज्याचा त्याचा."

शेवटच्या रविवारी नदी शाळेत शिरली होती. पोरं माळ्यावर अडकलेली. तनुजानं मोठा मंत्र टाकला, पाणी थांबलं, तिचा आवाज गेला. तेवढ्यात अंधार पडला, आया हाका मारायला लागल्या. इक्बालनं बशी फडताळात ठेवली आणि तिला म्हणाला, "पुढच्या रविवारी आवळा टाकू." बुधवारी तो गेला.

त्याची मुलगी आली, घर आवरून कुलूप लावून गेली. जाताना मला बशी आणि आवळा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. आकडा अर्थातच हलला होता. पहिल्या रविवारी पोरं माझ्याकडे आली. "आबा, पानी वसरलं का?" मला कुठं माहीत? इक्बालनं कधी एक ओळ लिहून ठेवली नाही, सगळी शाळा त्याच्या डोक्यात होती आणि डोकं त्यानं बरोबर नेलं. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येतो. पोरं हळूहळू क्रिकेटला गेली, शिकवणीला गेली. तनुजा आलीच नाही. एकदा स्टेशनच्या रस्त्यावर भेटली. घरी, शाळेत ती नीट बोलते, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, "खेळायला येत नाहीस?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खेळातला तिचा आवाज अजून हेडसरकडेच होता.

आवळा टाकायचा तर हेडसरनं. मी वॉचमन. तो मी टाकायचा म्हणजे इक्बाल आता येत नाही, हे स्वतःच्या हातानं कबूल करायचं. मला ते होईना. बशी आठवडेच्या आठवडे टीव्हीवर पडून राहिली. माझा "अर्धा"सुद्धा बंद झाला. मी दारात फक्त पातेलं ठेवत होतो.

गेल्या रविवारी दुपारी दार वाजलं. तनुजा एकटीच उंबऱ्यावर उभी. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "कोण हाय? शिकायला आलाय का..." खेळात बोलता येत नव्हतंच तिला. आत येऊन बशीसमोर मांडी घालून बसली. मी आवळा उचलला. टाकला. चौदा.

तिनं मोठा श्वास सोडला. "सुटला," म्हणाली. मग आवळा माझ्याकडे सरकवला. "आबा, आता तुमचा."

"माझा कशाला? मी काय मंत्र टाकला?"

"त्ये न्हाई म्हाईत. पन तुमचाबी गेलाय. आई म्हनती, आबा दूधवाल्याशीबी बोलत न्हाईत."

मी टाकला. सात.

"अजून एकदा टाकू?" मी विचारलं. मला खरंच हवा होता तो आवाज.

"पडला तो पडला." अगदी त्याच्याच सुरात. "पुढच्या रविवारी टाकू." तिनं चपला घातल्या आणि गेली.

आज गुरुवार. बशी समोर आहे, सात वर करून. सकाळी टीव्हीवरची धूळ पुसली ती बशी सोडून पुसली. रविवारपर्यंत हलवायचा नाही.