शिसवावरची रेघ

सुतार, आमच्याकडचा मेस्त, म्हटला की कानावर पेन्सिल आलीच. पण माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या कानावर ती मी कधी पाहिली नाही. शिसवाशिवाय दुसऱ्या लाकडाला ते सहसा हात लावत नसत, आणि त्या काळ्या फळीवर पेन्सिलीची रेघ काढली काय नि न काढली काय, सारखंच. त्यांची चुन्याची डबी पानापेक्षा आखणीलाच जास्त लागायची. शिंपल्यांच्या चुन्यात दोरा भिजवायचा, फळीवर ताणायचा, मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. पांढरी रेघ उठून दिसे.

गेरू काळ्यावर दिसत नाही, खडू भुसभुशीत, अशी त्यांची तक्रार. खिळ्याचा ओरखडा बारीक उमटतो, चांगला दिसतोही. पण खिळा त्यांनी कधी लाकडाला लावला नाही. "चुनो पुसाक येता गो. ओरखाडो काढलो काय तो जल्मभर रवता," म्हणायचे.

सत्तावन्न साली मी मालवणाकडच्या या घरात आले, तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. यजमान मुंबईला गिरणीत होते. खोली मिळाली की नेतो म्हणाले होते. वर्षभरात मामांची रेघ जाड होत चालली. दोऱ्याची सुतळी झाली. एकदा भर दुपारी त्यांनी सुतळी ताणून सोडली आणि विचारलं, "रेघ दिसता मा?" फळी कोरीच होती. सुतळी चुन्यात बुडालीच नव्हती.

मी सुतळी उचलून चुन्यात बुडवली, तेव्हा त्यांना कळलं. "खंय बोलू नको," ते हळूच म्हणाले. "मेस्ताक दिसणा नाय म्हटल्यार कोण फळी हाडून दितलो?"

तेव्हापासून आखणी मी करू लागले, पडवीचं दार लोटून. कापणी आणि घासणी ते हाताच्या अंदाजाने करीत. कुणाची चाहूल लागली की चुन्याची बोटं पदरात पुसून मी चुलीकडे पळायची. पार मसुरे गावापर्यंतची माणसं दरवाजे, झोपाळे सांगायला येत, मामांच्या नजरेची तारीफ करीत, आणि मी आत मुकाट्याने चहा गाळत असे.

मग निरोप आला, खोली मिळाली. पाऊस सरल्यावर येते, असं मी कळवलं. नंतर म्हटलं, शिमगा होऊ दे. मला फार राग यायचा. चुन्याचा, शिसवाचा आणि खरं सांगायचं तर मामांचाही. पण जाते म्हणायची छाती होत नव्हती. मी गेले की त्यांचं काम त्याच दिवशी बंद पडणार होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. सकाळी मी उठायच्या आत ते चाचपडत चहा करून ठेवायचे, आणि त्या चहाने मी आणखीच जखडली जायची.

मसुऱ्याचे एक गृहस्थ झोपाळा सांगायला आले, तेव्हा मी नेहमीप्रमाणे आत वळले. मामांनी थांबवलं. "रव गो. चुनो नको." पेटीतून खिळा काढला, स्वतःच्या पाटासाठी राखलेली फळी पुढ्यात घेतली आणि त्या पाहुण्यांदेखत सरळ म्हणून एक ओरखडा ओढला. तो वाकडा होत होत फळीबाहेर गेला.

"बघलात? माका दिसणा नाय. वरीसभर आखणी माझी सूनच करता. झोपाळो दुसऱ्याकडसून करून घ्या."

गृहस्थ चहा न घेताच गेले. "मामा, असं का केलंत?" मला रडू आवरेना.

"चुन्याची रेघ तू पुसून टाकतलंस. ही पुसाक येवची नाय," ते म्हणाले. "अडाकलंय तो मी. तू कित्याक अडाकतंस?"

त्यांच्या जेवणाखाणाचं शेजारच्या पुतण्याने अंगावर घेतलं. मालवण बंदरातून बोट धरायची होती, म्हणून मी सकाळीच निघाले. बेड्यापाशी, कुंपणाच्या फाटकाशी, मागे वळून पाहिलं. मामा पुढच्या अंगणात, खळ्यात उभे राहून हसत हात हलवत होते, मी होते त्याच्या भलत्याच बाजूला, विहिरीकडे तोंड करून. मी हाक मारली नाही. ते माझ्याकडे वळले असते, तर मला जाता आलं नसतं.