कव्हरच्या आत कोरलेली खूण

आधी त्या बाईंचे उपकार सांगतो, मग घटना. हिंगणीच्या रस्त्यावर मोटारी आणि गवत कापायच्या मशिना दुरुस्त करणारं एक छोटं दुकान आहे. नवरा गेल्यावर त्याची हत्यारं हातात घेऊन त्या बाई ते चालवतात. त्या नसत्या तर माझ्या हातून एका निर्दोष म्हाताऱ्याला अटक झाली असती. नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, ही विसरलो नाही, त्याचं कारण एवढंच.

मी मूळचा कोकणातला. दहावीनंतर शाळा सुटली, भरतीत वर्ध्याला जागा होत्या म्हणून इकडे आलो तो इथलाच झालो. शिपायापासून सहायक फौजदार झालो. पण कमी शिकल्याची धास्ती शेवटपर्यंत होती. जबाब लिहून झाला की मी तो तीनदा वाचायचो. माणसं ओळखण्यात मात्र सहसा चुकायचो नाही. या केसमध्ये तेच चुकणार होतं.

बोर धरणाच्या बाजूला एक मोठी खासगी नर्सरी आहे. तिच्या स्टोअरमधून गवत कापायच्या दोन मशिना आणि झाड कापायची एक आरी गेली. कुलूप शाबूत. एक चावी माळ्याकडे, दुसरी सुपरवायझरकडे. ती महिन्याभरापूर्वीच हरवली, असं सुपरवायझरचं म्हणणं. फिर्याद त्यानेच दिली आणि संशयित म्हणून माळ्याचं नाव सांगितलं. मशिनांचे नंबर विचारले तर म्हणाला, "बिलं सापडत नाहीत, साहेब."

माळी गोंड समाजाचा, साठीच्या आसपासचा. नर्सरीतल्याच खोलीत बायकोसोबत राहायचा. त्याला ठाण्यात बोलावलं.

"बाबा, चावी तुमच्याजवळ, कुलूप फुटलं नाही. मग मशीन गेली कुठं?"

"मले काय माईत, साहेब? मी कुलूप लावलं, ओढून पाह्यलं, घरी गेलो."

"दुसऱ्या कोणाला चावी दिली होती?"

"नाई. माई बायको मांगते तरी देत नाई."

मालकाने खोली आठ दिवसांत रिकामी करायला सांगितली होती. वरिष्ठ रोज विचारत, "अटक कधी दाखवता?" खरं सांगायचं तर मलाही वाटू लागलं होतं, म्हातारा पक्का आहे. दुसऱ्या दिवशी त्याला अटक करायचं ठरवलं.

ज्या दिवशी अटक करायची, त्याच सकाळी ठाण्यात फोन आला. "साहेब, मी दुकानवाली बोलून राह्यली. नर्सरीतली चोरीची मशीन माया ओट्यावर आहे. लवकर येजा, गिऱ्हाईक अकरा वाजता येते."

गेलो. मशीनवरचा नंबर कानशीने घासून टाकलेला. मी म्हटलं, "ताई, नंबरच नाही. ओळखली कशी?"

त्यांनी चार स्क्रू काढले आणि इंजिनचं कव्हर उलटं करून माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूला टोकदार खिळ्याने महिना आणि एक फूल कोरलेलं होतं. "सर्व्हिसिंग केली का मी आत लिवून ठेवतो. फूल म्हंजे नर्सरीचं, तिथले माळीबाबाच मशिना घेऊन येते. चोरानं बाहेरून घासलं, आतमंदी कोण पाह्यते?"

"म्हणजे माळ्याने विकली?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळा आठवली. "काऊन बा, तुमाले येवढंबी समजत नाई? पिस्टन जाम झाला, पाहा. याच्यात नुसतं पेट्रोल टाकलं. या मशीनले पेट्रोलमंदी ऑइल मिसळा लागते. बाबांनी विकली असती तर घेणाऱ्याले पह्यले ऑइलचं सांगितलं असतं. त्याईचा जीव जाईन, पण बिनाऑइलची मशीन नाई चालवू देत."

अकरा वाजता गिऱ्हाईक आलं. गिरडकडचा शेतकरी, घाबरलेला. मशीन आठवडी बाजारात घेतली. विकणाऱ्याच्या तोंडाला दुपट्टा होता, उन्हामुळे संशय आला नाही. "तो म्हणे, पेट्रोल टाका अन् दोरी ओढा. लय सोपं आहे म्हणे."

माळी नाही, तर उरली ती दुसरी, 'हरवलेली' चावी. दुपारी मी सुपरवायझरला बाईंच्या दुकानात बोलावलं. माळ्याला आधीच आणून बसवलं होतं. "सगळ्या मशिना चालवायला मीच शिकवलं माळ्याला," असं सुपरवायझरच्या जबाबात होतं. मी दुकानातली तशीच एक मशीन पुढे ठेवली. शेजारी पेट्रोलची बाटली, ऑइलची बाटली आणि दोन्ही मिसळायला रिकामा डबा.

"जरा सुरू करून दाखवा."

"यात काय, लय सोपं आहे," म्हणत त्याने पेट्रोलची बाटली उचलली आणि थेट टाकीत ओतू लागला. म्हाताऱ्याने झटकन त्याचा हात धरला. "अरे, काय करून राह्यला! जळून जाईन ना ते!" स्वतः आरोपी ठरत होता, तरी त्याला मशीनची काळजी.

बाई म्हणाल्या, "वा रे मास्तर! शिष्य बरा निघाला तुमचा."

ही गोष्ट कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण सुपरवायझरचा चेहरा उतरला. मी शांतपणे म्हटलं, "बाजारातही असंच सांगितलंत. पेट्रोल टाका अन् दोरी ओढा." दाराआड बसवलेला शेतकरी पुढे आला. "आवाज हाच, साहेब." मग वेळ लागला नाही. हरवलेली चावी त्याच्या घरी मिळाली. दुसरी मशीन आणि आरी नातेवाइकाच्या गोठ्यात कडब्याखाली होत्या. पंचांसमक्ष पंचनामा करून मुद्देमाल जप्त केला. मालकाने माळ्याची माफी मागितली. खोली त्याच्याकडेच राहिली.

या केसने मला शिकवलं की चावी कोणाकडे आहे हे विचारण्याआधी वस्तूवर जीव कोणाचा आहे ते पाहावं. मशिना ठेवणाऱ्यांना आजही सांगतो: नंबराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, मशिना एकाच साखळीत ओवून भिंतीतल्या कडीला बांधा, चावी हरवली तर त्याच दिवशी कुलूप बदला. आणि आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, आपली खूण कोरा.

तपासाचं प्रशस्तिपत्र मला मिळालं. त्यावर बाईंचं नाव नाही. मी तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो तर हसून म्हणाल्या, "ठेवा तुमच्याजवळ, भाऊ. माया पान्याले कागद नाई लागत."

दुसऱ्यांच्या मशिना सांभाळणाऱ्या त्या दुकानाला अजून पत्र्याचं दार आहे, एका लाथेत उघडेल असं. चांगलं बसवून देतो म्हटलं की त्या विषय बदलतात. पण मीही पोलीस खात्यातला माणूस, मागे लागलो की सोडत नाही. एक दिवस त्या दाराला लोखंडी शटर बसवून देईन, आणि ते पहिल्यांदा खाली ओढून कुलूप घालायला मी स्वतः तिथे उभा असेन.