दादांच्या गाठीची लाल चिंधी

चौकात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं, तर ते घरी आणून सरबत करणाऱ्यांपैकी मी आहे. थट्टा नाही, खरंच एकदा केलं होतं... नवरा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नव्हता. शहाद्याच्या एका शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. दर वर्षी पेटता कापूर जिभेवर ठेवून दाखवते आणि 'यात चमत्कार काही नाही' असं ठणकावून सांगते. तेव्हा या पानावरचे अनुभव वाचून मी आजवर काय म्हणत आले असेन, ते तुम्ही ओळखलंच असेल. आज स्वतःच लिहायला बसले आहे. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

ही गोष्ट माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळे दादा म्हणायचे. साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यावर घरालाच कारखाना करून टाकला. आमच्याकडे पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर दुरुस्त करायला बाहेरचा माणूस कधी आलाच नाही. मी नाशिकची. लग्नानंतर महिन्याभरात मिक्सर बंद पडला, तो मी ओट्यावर उघडून बसले होते. दादा दारात उभे राहून बघत होते. इकडच्या बोलीत म्हणाले, "मास्तरीन, पेच उलटा फिरावस तू." आणि शेजारी मांडी घालून बसले. नवी सून आणि सासरा एकाच मिक्सरवर वाकलेले बघून सासूबाईंनी, म्हणजे जिजींनी, कपाळावर हात मारला होता. त्या दिवसापासून आमची जोडी जमली. नवऱ्याला खिळा ठोकायला सांगितला तर तो भिंत बदलायची वेळ आणतो, त्यामुळे दादांचा वारसा माझ्याकडेच आला.

जीप आली ती दादा निवृत्त झाल्यावर. जिजींचं माहेर ब्राह्मणपुरीचं. तिथे त्यांच्या भावाच्या, म्हणजे आमच्या मामांच्या शेतात एक जुनी जीप कित्येक वर्षं सडत पडली होती. दादांनी ती ट्रॅक्टरला बांधून ओढत घरी आणली, बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली आणि जिजींना शब्द दिला, "हाई गाडी चालू करसू आनि हाई गाडीमाच तुले माहेरले लई जासू. मांगे नही, पुढे बसाडसू!"

जिजी म्हणाल्या, "तवलगून मन्हा दात ऱ्हातीन का?" तवलगून म्हणजे तोवर.

रविवार आला की मी आणि दादा जीपखाली. इंजिन उतरवलं, चढवलं, परत उतरवलं. माझ्या नखांतलं ग्रीस बघून शाळेतल्या बायका मला काय काय मलमं सुचवायच्या.

आता चिंधीबद्दल सांगायला हवं. कारखान्यातली त्यांची एक रीत होती. मशीन उघडलं की त्याच्या बटणावर लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर मशीनला कुणी हात लावायचा नाही, आणि सोडायची ती ज्याने बांधली त्यानेच. "साहेब ऱ्हावो का मंत्री," दादा म्हणायचे, "ज्यानी बांधी त्यानीच सोडानी." ही रीत त्यांनी घरीही चालू ठेवली होती. गाठसुद्धा त्यांची वेगळी... ते डावखुरे, उलट्या बाजूने पीळ द्यायचे आणि टोक आत खोचून टाकायचे.

एकदा मला घाई होती. गीझरच्या बटणावरची चिंधी मी सोडली आणि बटण दाबलं. लाइट गेलेली होती म्हणून निभावलं. दादा बाथरूममधून बाहेर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मन्हा हात मझार व्हता, माय." मझार म्हणजे आत. त्यानंतर त्यांच्या चिंधीला मी कधी बोट लावलं नाही.

काम झालं की मात्र ते चिंधी सोडायचे, झटकून तिची चौपदरी घडी घालायचे आणि खिशात ठेवायचे. जिजींना स्कूटरवर न्यायचं असलं की हीच घडी मागच्या सीटवर अंथरायचे, पातळाला डाग लागू नये म्हणून. खरं तर डाग त्या चिंधीचाच लागायचा. जिजी मुकाट्याने बसायच्या.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी दादा जीपखालून बाहेर आले, स्टीअरिंगला चिंधी बांधली आणि मला म्हणाले, "जेवी येस मी." जेवले. जरा आडवे झाले. उठलेच नाहीत.

चिंधी तशीच राहिली. नवरा म्हणाला, "कापून टाक ना." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो विषय परत काढला नाही. त्या वेळी चारही चाकांचे ब्रेक उघडे होते, तेव्हा दादांनी ब्रेकसाठीच चिंधी बांधली असणार हे मी धरूनच चालले. पुढची दोन वर्षं दर रविवारी एकटी खपले. ब्रेक झाले, वायरिंग झालं, कार्बोरेटर तीनदा साफ झाला. इंजिन सुरू करून बघायची, पण चिंधी होती म्हणून गाडी जागची हलवली नाही. माझं प्रत्येक काम दोनदा तपासायची. दादांनी केलेलं काम मात्र एकदाही तपासलं नाही... त्यांचं काम तपासणारी मी कोण? वर्षाला शेकड्याने वह्या तपासणारी बाई मी, आणि इथे मान ठेवायला गेले.

जिजींनी या दोन वर्षांत उंबरा ओलांडला नाही. गुडघे गेले, संधिवाताने बोटं वाकडी झाली, पातळाची गाठसुद्धा मी मारून देते. मामांनी अंथरूण धरलं. नवरा म्हणाला, चल, रिक्षाने नेतो. शेजाऱ्यांनी कार देऊ केली. जिजींचं एकच, "जबान दियेल शे त्यास्नी. जासू ते मन्ही गाडीमा." मला राग यायचा आणि रडूही यायचं. मग गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मामांचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला. "बहीनले एकदाव दखानं शे माले," एवढंच बोलले. जिजी रात्रभर कूस बदलत होत्या.

रविवारी सकाळी मी ठरवलं, आज न्यायचंच. नवरा नंदुरबारला एका साखरपुड्याला गेलेला. घरात मी आणि जिजी, दोघीच. दादांच्या फोटोला हात जोडले, "माफ करा" म्हणाले आणि शेडमध्ये जाऊन चिंधी सोडली. गाठ इतकी घट्ट बसली होती की नख तुटलं. चिंधी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. मग आत येऊन जिजींना पातळ नेसवलं, वेणी घातली आणि रेडिएटरसाठी पाण्याची कॅन घेऊन बाहेर आले. पंधरा मिनिटं झाली असतील, जास्त नाही.

चिंधी स्टीअरिंगवर होती. बांधलेली. उलटा पीळ, टोक आत खोचलेलं.

मी आधी खिळ्याकडे बघितलं. रिकामा. मग फाटकाकडे. आमचं फाटक उघडलं की गल्लीभर ऐकू जातं, ते आतून कडी लावून बंद. आणि जिजींना माझ्या हाताशिवाय ओट्याच्या तीन पायऱ्या उतरता येत नाहीत. तरी मी नवऱ्याला फोन लावला आणि आधी झापलं. मागे बँड वाजत होता. तो बिचारा म्हणाला, "अगं मी नंदुरबारला आहे... तू बरी आहेस ना?"

भीती वाटली का? खरं सांगते, पहिल्यांदा चिडच आली. दोन वर्षं राबले, माणूस तिकडे वाट बघतोय, आणि हे काय? परत सोडायला हात पुढे केला आणि थांबले. कानात एकच वाक्य होतं... मन्हा हात मझार व्हता, माय. चिंधी म्हणजे काम अर्धं आहे. पण कुठलं काम? त्या दुपारी दादा कुठून बाहेर आले होते? मागच्या चाकाकडून नाही. पुढून. आणि चिंधी बांधली होती ती स्टीअरिंगला.

टॉर्च घेऊन खाली शिरले. स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळतात ती एका दांड्यामुळे. त्या दांड्याच्या टोकाला नट असतो आणि तो फिरू नये म्हणून त्यातून एक पिन आरपार घालतात, कॉटर पिन. तिथे पिन नव्हती. पिनेच्या जागी तात्पुरती ओवलेली बारीक तार होती. गंजलेली. बोट लावलं तर तुटून हातात आली. आणि नट दोन बोटांनी फिरला.

ब्राह्मणपुरीच्या वाटेवर पाटाजवळ एक वळण आहे. समोरून उसाच्या ट्रॉल्या येतात. मी तिथे जिजींना शेजारी बसवून स्टीअरिंग फिरवणार होते.

मी जीपखालीच पडून राहिले आणि रडले. दादा गेले तेव्हा पाहुण्यांचा चहा आणि सगळ्यांची जेवणं बघताना रडायचं राहून गेलं होतं. ते सगळं त्या ग्रीसमध्ये निघालं.

मग उठून तोंड धुतलं आणि स्कूटर काढून बाजारात गेले. हार्डवेअरचे शेठजी राजस्थानी, दादांचे जुने मित्र. पिनेचं माप सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. गल्ल्याखालच्या खणातून एक कागदाची पुडी काढली, वर दादांचं नाव. म्हणाले, "हे माप तेव्हा संपलं होतं. दादा म्हणाले, आलं की ठेवून द्या, मी नेतो. मग ते आलेच नाहीत. टाकून द्यायला जीव झाला नाही, बेटा." मी पुडी पर्समध्ये जपून ठेवली आणि स्कूटर घराकडे वळवली.

घरी येऊन नट आवळला. पिन घातली, तिचे पाय वाकवले. मग दादांनी केलेलं एकूण एक काम तपासलं, पहिल्यांदाच. बाकी सगळं चोख होतं. शेवटी रिकाम्या जीपकडे बघून मोठ्याने म्हणाले, "दादा, पिन टाकली. आता तुमची चिंधी तुम्ही सोडा." आणि स्वतःचीच लाज वाटून आत पळाले.

जिजी पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या होत्या, सकाळपासून तशाच. मी त्यांच्यासमोरच हात धुतले, चहा टाकला, दोघींनी प्यायला. मग त्यांना धरून एकेक पायरी उतरवत शेडमध्ये आणलं.

स्टीअरिंग मोकळं होतं. चिंधी पुढच्या सीटवर, जिजींच्या बाजूला अंथरलेली होती. चौपदरी.

जिजींनी चिंधीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सकाळपासून यातलं काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं. त्या हसल्या... दोन वर्षांत पहिल्यांदा. पदर सावरला आणि म्हणाल्या, "तुन्हा सासरा माले बस म्हनी ऱ्हायना." म्हनी ऱ्हायना म्हणजे म्हणतोय. आणि बसल्या.

पाटाजवळच्या वळणावर समोरून ट्रॉली आलीच. स्टीअरिंग लोण्यासारखं वळलं. मामांनी हॉर्न ओळखला, त्यांच्याच गाडीचा तो. जिजी त्यांच्या उशाशी संध्याकाळपर्यंत बसल्या, हातात हात घेऊन. पुढच्याच आठवड्यात मामा गेले. भेट झाली, एवढं तरी झालं.

पातळाला ग्रीसचा डाग लागला होता. जिजींनी तो धुवू दिला नाही.

मी विज्ञान शिकवते, तेव्हा सगळ्या शक्यता तपासून झाल्यात. मी सोडलीच नव्हती आणि भास झाला म्हणावं, तर तुटलेलं नख होतं. जिजींनी बांधली म्हणावं, तर त्यांची बोटं बघा एकदा. कुणी आलं म्हणावं, तर फाटकाची कडी आतून होती. आणि ती घडी मी चहा उकळत असताना पडली, जिजी माझ्या डोळ्यांसमोर असताना. उत्तर नाही. वर्गात कापूर मी अजूनही जिभेवर ठेवते, फक्त ते पुढचं वाक्य पूर्वीइतकं ठणकावून निघत नाही.

जीप चालू आहे, म्हणजे तिचं काहीतरी चालूच असतं. आता स्टीअरिंगला चिंधी मी बांधते आणि मीच सोडते, रीत आहे ती. पण सोडण्याआधी मोठ्याने विचारते, "दादा, झालं ना?"

आणि आतून, खाटेवरून, दादांचं उत्तर जिजी ओरडून सांगतात, "हाव म्हनस!"