काकानं स्वतःच्या हातानं दिलेली फाईल

दहावीचा बोर्डाचा फॉर्म. पंखा बंद, सगळी पोरं घामाघूम, आणि काका वर्गात शिरला. शाळेच्या कमिटीवर होता, गावचा सरपंच होता, कुठल्याही दारातून न विचारता आत यायची सवय. त्यानं सरांच्या हातातला माझा फॉर्म ओढला आणि सरांच्याच पेनानं वडिलांच्या नावावर काट मारली. एकदा नाही, तीनदा. कागद फाटला.

"बापसाचा नाव असा कुनाचा पन लावाचा नाय," तो म्हणाला.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी दुसरा फॉर्म दिला. आईचं नाव लाव बाळ, विषय मिटव, म्हणाले. मी लावलं. अक्षर घाण आलेलं. आणि खालच्या मजल्यावर, पाचवीत, काकाचा मुलगा बसलेला. हजेरीत त्याच्या नावापुढे माझ्या बापाचं नाव. रोज सकाळी बाई ते मोठ्यानं घ्यायच्या आणि तो हात वर करायचा.

नीट सांगते. खडवलीच्या पुढे आमचं गाव. आमचं म्हणायची पण चोरी. जमीन आजोबा-पणजोबांची, वीटभट्टी काकाची. माझा बाप काकाचा धाकटा भाऊ. आई कातकरी, भट्टीवर विटा थापायला आलेली. दोघांनी देवळात लग्न केलं. भटजी नाही, वाजंत्री नाही, फोटो नाही. मी पाच वर्षांची असताना बापाला कावीळ झाली आणि आठ दिवसांत खेळ आटोपला. मग काकाच्या बंगल्याच्या मागे, लग्नाची मोठी भांडी ठेवायचे त्या पत्र्याच्या खोलीत आम्हाला टाकलं. आई धुणीभांडी करायची. काकी तिला "ए हिरे" म्हणून हाक मारायची. पाहुणे आले की ती कामवाली व्हायची. आई खाली मान घालून चहा द्यायची. मला काकीपेक्षा तिचाच राग यायचा, खोटं कशाला बोलू.

आणि काकाच्या मुलाला माझ्या बापाचं नाव कसं? गावात सांगायचे, गेलेल्या भावाचं नाव राहावं म्हणून काकानं आपला पोटचा मुलगा त्याच्या नावावर केला. काय ते प्रेम! लोक डोळे पुसायचे. त्या भावाची सख्खी पोर मागे टोप घासत बसलेली, ती कुणाला दिसायची नाही.

मग कल्याणला कॉलेज. बी.ए., इंग्रजी. शेवटच्या वर्षी जुन्या गॉथिक कादंबऱ्यांचा पेपर होता. मोठी हवेली, कुलूपबंद खोली, वादळ, भूत. रक्ताचं असून दाराबाहेर ठेवलेलं कुणीतरी. खोटा वारस, लपवलेला कागद, आणि शेवटी सूड. वर्गातल्या मुली भुताला घाबरायच्या. मी वाचत गेले आणि अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणानं. अरे, हे तर आपलं घर! धुक्याच्या जागी भट्टीचा धूर, एवढाच फरक. भूत म्हणजे ज्याला घरात जागा दिली नाही ते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मॅडम डोंबिवलीच्या. बोलणं स्वच्छ, साडीला एक सुरकुती नाही. तशा प्रेमळ होत्या, मला स्वतःच्या नोट्स द्यायच्या. शेवटच्या तासाला म्हणाल्या, "सूड घेणारा माणूस शेवटी स्वतःलाच संपवतो. या सगळ्या कादंबऱ्यांचं सार हे आहे."

सगळ्यांनी लिहून घेतलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उभी राहिले आणि विचारलं, की दरवेळी दाराबाहेरचाच का मरतो? हवेलीवाल्यांची गोरीगोमटी मुलं शेवटच्या पानावर लग्न करून मोकळी का होतात? हे कुणी ठरवलं? मॅडम हसल्या. तू फार पर्सनली घेतेस गं, म्हणाल्या. हो, घेतलं. माझ्या वतीनं दुसरं कोण घेणार होतं?

बी.ए. झाल्यावर आंबिवली स्टेशनजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात लागले. मग बंगल्यातले सगळे फॉर्म माझ्याच गळ्यात. सातबारा, लायसन, लाइटबिल. कुणी सांगायचं पण नाही, कागद नुसते पुढ्यात फेकायचे. गेल्या जूनमध्ये काकाच्या मुलाची इंजिनिअरिंगची अ‍ॅडमिशन होती. काकानं अख्खी फाईल माझ्याकडे टाकली, संध्याकाळपर्यंत झालं पाहिजे म्हणाला आणि गाडीत बसून गेला. आत काय आहे ते त्यानं उघडून पाहिलं नाही. हिरीची पोर फॉर्म भरते हे त्याला ठाऊक होतं. ती कागद वाचते हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

तिसराच कागद, मुलाचा जन्मदाखला. वडील: माझा बाप, मयत. आई: हिराबाई, पुढे माझ्या बापाचं नाव, पुढे बंगल्याचं आडनाव.

मी दाखला परत वरपासून वाचला. मग एकेक उलगडत गेलं. तिसरं मूल झालं की सरपंचपद हातचं जातं. काकाला दोन मुली आधीच होत्या. मुलगा पण पाहिजे, खुर्ची पण पाहिजे. हा जन्मला तेव्हा माझा बाप जाऊन तीन महिने झालेले. दिला ठोकून त्याच्या नावावर. पण मेलेल्या माणसाला पोर दाखवायचं तर बायको दाखवायला लागते ना? दाखवली. जिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, तिला सरकारी कागदावर त्यांनीच सून करून ठेवलेलं.

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"अंगठा घेतलेला माजा. रेशनचा कागद हाय, बोलले."

तेव्हा पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही. तिच्याजवळ बसून मी ढसाढसा रडले. ती बिचारी घाबरली, कामावर कुणी काय बोललं का विचारत राहिली.

फॉर्म मी चोख भरला. एक आकडा चुकवला असता तर पोराचं वर्ष गेलं असतं. मोह झाला, नाही कशाला म्हणू. पण मला त्याचं वर्ष नको होतं. मी दाखल्याची झेरॉक्स काढली आणि सातबाऱ्यावर माझ्या बापाच्या वारसांची नोंद करा असा अर्ज तलाठ्याकडे दिला. पत्नी हिराबाई, मुलगी मी, मुलगा तो. सोबत सरपंचांच्या घरचाच पुरावा जोडला.

नोटीस बंगल्यावर पोचली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा काका आमच्या खोलीत आला. पत्रा खाली आहे, त्याला वाकावं लागलं. आधी आवाज चढवला, आईवर धावून गेला. मी मध्ये उभी राहिले. मग त्याचा सूर उतरला. "पोराचा काय व्हईल, त्याचा इचार केलास का?"

"तो माझा भाऊ आहे, तुमच्याच कागदावर. त्याचं मी बघीन."

तो पुन्हा वाकून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी काकी आली. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या घ्या, घरातलं घरात मिटवू, असं गोड बोलली. मी म्हटलं, लिहून द्या, हिराबाई आमची जाऊ आहे म्हणून. तिनं नाही दिलं. त्यांचा मुलगा माझ्याशी बोलत नाही. समोर आला की खाली बघतो. त्याचं मला वाईट वाटतं. पण म्हणून मी थांबणार नाही.

आई मात्र हादरलीय. जाऊ दे म्हणते, साहेबासमोर मी काय बोलू म्हणते.

"नवऱ्याचं नाव सांग," मी म्हटलं. "बाकी मी बोलते."

सोमवारी कल्याणच्या तहसील कचेरीत सुनावणी आहे. दाखला खोटा म्हणाला तर काकाची खुर्ची जाईल आणि वर केस होईल. खरा म्हणाला तर माझी आई त्या घराची सून आहे, आणि मी त्या बापाची मुलगी. त्यानं काय निवडायचं ते त्याचं तो बघेल. गावातली चार शहाणी माणसं येतील, समजावतील, धमकावतील. येऊ देत. अर्ज मी मागे घेणार नाही.