फेकलेल्या पाण्यातलं औषध

पोनिरा सात-आठ वर्षांची असताना तिच्या आईचं आणि मावशीचं विहिरीवर कडाक्याचं भांडण झालं. मावशीनं बंगुकच्या, म्हणजे कुहिलीच्या जातीच्या विषारी शेंगेच्या, बिया एकाच दिवसात पाण्यातून काढल्या होत्या.

"तीन दिवस भिजवायच्या, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं! गाव मारतेस काय गं?"

"तुझ्या हातचं खाऊनही माणसं मरतातच की!"

केळीआडून पोनिरानं सगळं ऐकलं. पुढं स्वतःचं चुलखंड झाल्यावर तिनं पाणी बदलायची एक वेळ चुकवली नाही. बियांचं विष धुवायचं, त्या शिजवायच्या, विरजण लावून पानात बांधायच्या, दोन दिवसांनी वडी जमली की ते तेंपे बाजारात न्यायचं. चाळीस वर्षं अशीच गेली.

नवरा न्गातिजो नारळावर चढून नीरा काढायचा. तो तिला 'बुने', लेकरांची आई म्हणायचा; ती त्याला 'पाकने', लेकरांचा बाप. एकदा त्याचा हात थरथरायला लागला.

"वाऱ्यानं झाड हलतंय, बुने," तो वरून म्हणाला.

"वारा तुमच्याच झाडाला बरा लागतो, पाकने!"

तो उतरला तो पुन्हा चढला नाही. सरकारी दवाखान्यातल्या कंपवाताच्या गोळीनं तीन-चार तास माणसात यायचा, मग पुन्हा लाकूड. लेकरं दूर शहरात. त्याला उठवता-बसवता पोनिराची कंबर गेली.

अशात विद्यापीठातली रेत्नो नावाची पोरगी बिया मागायला आली. पोनिराला ती मानानं 'म्बोक', म्हणजे आई, म्हणायची.

"म्बोक, या बियांत तुमच्या नवऱ्याच्या गोळीतलंच औषध असतं. शिवाय मेंदूतल्या उरल्यासुरल्या पेशी वाचवणारंही काही असेल, असं वाटतंय. उंदरांवर बघतोय."

"माणसांवर कधी?"

"ते अजून काही सांगता येत नाही."

"भिजवल्यावर राहतं का ते?"

"बरंचसं पाण्यात जातं."

पोनिराची नजर परसातल्या केळीकडं गेली. म्हणजे इतकी वर्षं ती नवऱ्याचं औषध केळीच्या बुंध्याशी ओतत होती!

विकायचं तेंपे तिनं नेहमीसारखंच केलं. न्गातिजोसाठी मात्र मूठभर बिया वेगळ्या, एकच दिवस भिजवलेल्या.

"कडू लागतंय, बुने."

"औषध कधी गोड असतं का? गिळा."

दोन तासांत त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. गोळीवर बियांचं औषध चढलं आणि हातपाय आपोआप वळवळायला लागले. दवाखान्यातल्या नर्सनं पोनिराला चांगलंच फैलावर घेतलं. बातमी कळून रेत्नो धावत आली.

"मी उंदरांचं सांगितलं होतं, म्बोक."

"तुझ्या उंदरांना वेळ आहे, बाई. माझ्या म्हाताऱ्याला कुठला?"

चार दिवसांनी न्गातिजो बरा झाला, म्हणजे आधी होता तेवढाच.

"आता जपायला राहिलंय काय माझ्यात?" त्यानं विचारलं.

"चमचा तोंडापर्यंत जातो ना अजून? तेवढं राहिलंय. गप जेवा."

रेत्नो नंतरही बिया न्यायला यायची. पोनिरा बिया द्यायची, चहा द्यायची, उंदरांची चौकशी करायची नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी पोनिरा झोपेतून उठलीच नाही. त्याच्या तीनच दिवस आधी क्लिवोनचा, दर पाचव्या दिवशी भरणारा, बाजार होता. पाठीला टोपली बांधून ती गेली, तेंपे विकलं, दवाखान्याच्या बाकावर पाय चोळत नंबर येईपर्यंत बसली आणि नवऱ्याच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन दुपारी घरी आली. जेवणाआधी अर्धा तास एक गोळी तिनं त्याच्या जिभेवर ठेवली, पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि त्याचं पिऊन होईपर्यंत पेल्याखाली आपला हात धरून उभी राहिली.