शाळेच्या गेटवरचा बिबट्या

आमच्या शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता आली ती परिपत्रकातून. नववीच्या वर्गाला ‘डिजिटल नागरिकत्व व कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर’ शिकवायचा, आठवडाभरात सहा उपक्रम घ्यायचे आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो वर पाठवायचा, असा तो कागद होता. मी मराठी शिकवते. पण संगणकाचे सर तेव्हा निवडणुकीच्या कामावर होते, आणि मुख्याध्यापकांनी मला एकदा मोबाईलवर एसटीचं आरक्षण करताना बघितलं होतं. तेवढ्या पात्रतेवर मी शाळेची डिजिटल समन्वयक झाले.

कराडला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तज्ज्ञ पुण्याहून आले होते. त्यांचा लॅपटॉप पडद्याला जोडण्यात अकरा वाजले, मग चहा झाला, मग पुन्हा जोडण्यात साडेबारा वाजले. जेवणानंतर त्यांनी सांगितलं की तंत्रज्ञानाला घाबरू नका. आम्ही घाबरलो नव्हतो, पेंगत होतो. शेवटी सगळ्यांना एकेक पुस्तिका मिळाली आणि उजवा हात पुढे करून आम्ही शपथ घेतली: आलेला संदेश तपासल्याशिवाय मी पुढे पाठवणार नाही. हीच शपथ मी शाळेत येऊन मुलांना, शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना दिली. फोटोत मुख्याध्यापकांचा हात सगळ्यांत उंच आहे.

शाळा कराड आणि इस्लामपूरच्या मधल्या एका गावात आहे. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. शनिवारी सकाळची शाळा होती आणि त्या दिवशीचा विषय होता खोटी छायाचित्रं कशी ओळखावीत. मी पुस्तिका वाचायला सुरुवात केली तशी पोरं खिडकीबाहेर बघायला लागली. मागून आवाज आला, “मॅडम, वाचून कसं कळंल? करून दावा की.”

मला करून दाखवता येत नव्हतं. समन्वयकानं हे वर्गात कबूल करावं की नाही, याबद्दल पुस्तिकेत काही दिलेलं नव्हतं. मी पुस्तिका मिटली आणि विचारलं, “कुणाला येतं?”

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे आजोबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं आणि त्यांनी सांगितलेलं शेवटचं मानतं. आबांकडं मोबाईल होता, पण तो चालवायची ही.

तिनं माझा फोन घेतला, बाहेर जाऊन शाळेच्या गेटचा फोटो काढला आणि आत येऊन तो एआयच्या ॲपमध्ये टाकून लिहिलं: ‘या गेटशेजारच्या भिंतीवर बिबट्या बसलाय असं दाखव. मागं ऊस. सकाळचं धुकं.’ कपात चहा ओतायला लागतो तेवढ्या वेळात बिबट्या येऊन भिंतीवर बसला.

“आता चुका शोधा,” ती वर्गाला म्हणाली. मला म्हणायचं होतं ते तिनंच म्हणून टाकलं.

पोरं तुटून पडली. फोन हातोहात फिरला. बिबट्याचा मागचा एक पाय भिंतीतच गेला होता. त्याची सावली एका बाजूला आणि झाडाची दुसऱ्या बाजूला. ऊस होता, पण त्याची पानं केळीसारखी. आणि शाळेची पाटी! ‘माध्यमिक विद्यालय’ असं जिथं आहे तिथं यंत्रानं लिहिलं होतं ‘माघ्यमीक विदयालप’. इतकी वर्षं शुद्धलेखन तपासतेय, पण इतक्या आनंदानं लाल खूण मी कधी केली नव्हती. फळ्यावर अकरा चुका झाल्या. त्या वर्षातला माझा तो सगळ्यांत चांगला तास. शेवटी मी पुस्तिकेतलं एक वाक्य उतरवून घ्यायला सांगितलं: ‘बनावट चित्र कुणाला दाखवायचे झाल्यास त्या चित्रावरच तसे स्पष्ट लिहावे.’

मग मी एसटीत बसले आणि उपक्रम क्रमांक चारचा पुरावा म्हणून ते चित्र मुख्याध्यापकांना पाठवलं. नुसतं चित्र. खाली दुसऱ्या संदेशात व्यवस्थित चार ओळी लिहिल्या, की हे विद्यार्थिनीनं वर्गात तयार केलेलं बनावट छायाचित्र असून मुलांनी त्यातल्या अकरा चुका शोधल्या.

मुख्याध्यापक तेव्हा एका लग्नात पंगतीला बसले होते. त्यांनी चित्र उघडलं. दुसरा संदेश लांब दिसला म्हणून उघडला नाही, हे त्यांनी मला नंतर अगदी मोकळेपणानं सांगितलं. जिलेबी वाढून होईपर्यंत त्यांनी ते पालकांच्या गटावर टाकलं होतं: ‘सावधान! शाळेच्या गेटवर बिबट्या. मुलांना एकटे सोडू नये.’

मी इस्लामपूरला घरी पोचून भाकरी टाकत होते तेव्हा सांगलीहून माझ्या मावशीचा फोन आला. “अगं, तुझ्या शाळेत बिबट्या शिरला म्हणे! दोन पोरं नेली म्हणतात.”

“कुणी सांगितलं?”

“फोटो आलाय की. तुला कसं माहीत नाही?”

तिनं मला फोटो पाठवला. माझाच होता. कुणीतरी त्याला लाल गोल काढला होता, बिबट्या दिसत नसेल तर दिसावा म्हणून.

मी ताबडतोब मुख्याध्यापकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, आता मी हे मागं घेतलं तर मुख्याध्यापकानं अफवा पसरवली असं होईल.”

“पण ती पसरवलीच आहे ना सर?”

“दोन दिवस जाऊ द्या. बिबट्या आपोआप निघून जाईल.”

इथं मी गटावर सरळ लिहायला हवं होतं. चित्र खोटं आहे, चूक माझी आहे, एवढ्या दोन ओळी. मी त्या लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. मग मनाशी म्हटलं, वरिष्ठांनी सांगितलंय. जबाबदार वापराची समन्वयक फोन पालथा ठेवून वांगी चिरायला बसली.

रविवारी दुपारी त्या मुलीचा फोन आला, आईच्या मोबाईलवरून. आवाज दाबून बोलत होती.

“मॅडम, आबा पारावर बसून सांगायला लागल्यात, त्यांनी बिबट्या सोता बघितला म्हून.”

“कुठला बिबट्या?”

“आपला.”

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. “लय माणसं जमल्यात मॅडम. वर्गातली पोरं सांगाय गेली, पण आबा म्हणत्यात म्हणल्यावर पोरांचं कोण ऐकतंय. वन खात्याची माणसं उद्या येणार हायती, आबा त्यांना जबाब देणार हायती. मी काय करू? तुमी सांगणार का मी सांगू?”

“उद्या बघू आपण,” मी म्हणाले. सत्तावीस वर्षं शिक्षकी करून हे उत्तर मला फार सफाईनं येतं.

सोमवारी शाळा भरली नाही, शाळेच्या मैदानावर गाव भरलं. ऊसतोडणीच्या टोळीनं फडात उतरायला नकार दिला होता. खुरपणीच्या बायका घरी बसल्या होत्या. वनरक्षक मोटारसायकलवर आला, वही काढली आणि कुणी प्रत्यक्ष बघितलाय का म्हणून विचारलं. पाच हात वर झाले. मग आबा उठले आणि पाचही हात खाली आले.

आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. छाती पुढं काढून ते उभे राहिले. “शनिवारी सकाळी सहा वाजून धा मिनटं. मी फिराय निघालतो. त्यो हितं भितीवर बसलाता. त्येनं माज्याकडं बघितलं, मी त्येच्याकडं बघितलं. मी हाललो न्हाई. मग त्यो उतरला आन् उसात ग्येला. कन्फर्म हाय.”

बायकांनी तोंडाला पदर लावला. वनरक्षक लिहून घेत होता. मुख्याध्यापक झेंड्याच्या खांबाची दोरी नीट बांधली आहे का ते पाहत होते. मी शिक्षकांच्या खुर्च्यांत तिसरी बसले होते. आता उठावं, आता उठावं, असं मी मनातल्या मनात तीन वेळा उठले.

उठली ती मुलगी.

“आबा, तुमच्या मोबाईलमधला फोटो दावा की.”

आबांनी कौतुकानं फोन काढला. नातीला आपला अभिमान वाटतोय असं त्यांना वाटलं असावं.

“ती पाटी वाचा आता. मोठ्यानं.”

आबांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. “माघ्य... माघ्यमीक... विदया...” ते थांबले. “लप.”

कुणीतरी फस्सकन हसलं. सगळ्या गावानं माना वळवून खऱ्या पाटीकडं बघितलं. तीन दिवस ते चित्र शेकडो जणांनी बघितलं होतं, लाल गोल काढून बघितलं होतं, आणि आपल्याच शाळेचं नाव एकानंही वाचलं नव्हतं. त्यातले निम्मे माझेच माजी विद्यार्थी.

“ह्यो बिबट्या मी केलाय,” मुलगी म्हणाली. “शनिवारी, मॅडमच्या तासाला.”

तेव्हा मात्र मी उठले. आधी उठले असते तर हे लिहायला बरं वाटलं असतं. मी सांगितलं की चित्र मीच पाठवलं, त्यावर बनावट असं लिहिलं नाही, आणि शनिवारपासून माहीत असून गप्प बसले. मुख्याध्यापकांचं नाव मी घेतलं नाही. यामागं मोठेपणा नव्हता, वर्षअखेरीचा माझा गोपनीय अहवाल त्यांच्याच हातात होता.

आबा नातीकडं बघत होते. “म्हंजी मी खोटं बोलतूय?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं मान खाली घातली नाही. आबांनी चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला आणि मैदानातून सरळ घराकडं चालत गेले. त्यांच्या मागून कुणी गेलं नाही. एरवी त्यांच्या मागं चारपाच माणसं असायचीच.

वनरक्षक वही मिटून माझ्याजवळ आला. तरुण होता, रागावलेला नव्हता, नुसता दमलेला होता. “मॅडम, ह्या उसात बिबट्या असतोय. दरवर्षी पिल्लं सापडत्यात. आता खरा दिसल्यावर मला फोन कोण करणार?” उत्तराची वाट न बघता तो मोटारसायकलकडं गेला.

त्यानंतर जे झालं ते कागदोपत्री झालं. मला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली, खाली मुख्याध्यापकांची सही. ती देताना त्यांनी प्रेमानं सल्ला दिला, “उत्तर त्या एआयकडूनच लिहून घ्या मॅडम. भाषा फार छान असते.” त्याच आठवड्यात सहा उपक्रमांचा अहवाल वर गेला. तो एका सहकाऱ्यानं खरोखरच तसा लिहून घेतला होता, त्यात आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात जागरूकतेची ज्योत प्रज्वलित झाली होती. उत्कृष्ट अंमलबजावणीचं प्रशस्तिपत्र आलं. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलंय. आणि गावात आजही निम्मी माणसं सांगतात की फोटोतला बिबट्या खोटा असेल, पण आबांनी बघितला तो खरा.

आबांनी मात्र तसं कधी म्हटलं नाही. आठ दिवस ते नातीशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर ते माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. “आत येऊ का, मॅडम?”

मला वाटलं भांडायला आलेत. ते फळ्याजवळ उभे राहिले, पोरांकडं बघितलं आणि बोलायला लागले.

“त्या दिशी मी फिराय गेलतो हे खरं हाय. भितीकडं बघितलं हे बी खरं हाय. भितीवर काय बी नव्हतं. दुपारी फोटो आला. माणसं म्हणाली, आबा, तुमी तर रोज तिकडनं जाता, तुमाला दिसलाच असंल. आता सुभेदार रोज तिकडनं जातूय आन् त्येला बिबट्या दिसत न्हाई? मी म्हणलं, दिसला. पैल्यांदा नुसतं दिसला म्हणलं. मग कुणी इचारलं किती वाजता, तर वेळ सांगितली. चारदा सांगितल्यावर मला खरंच दिसाय लागला.”

वर्गात कुणी हसलं नाही. पोरांना मी सहा उपक्रमांत जे सांगू शकले नव्हते ते आबांनी पाच मिनिटांत सांगितलं, आणि त्यासाठी पडद्याला काही जोडावंही लागलं नाही. बोलून झाल्यावर ते नातीला म्हणाले, “शाळा सुटली की थांब. मी हाय भाईर.”

संध्याकाळी मी थांब्यावर आले तेव्हा दोघं कट्ट्यावर बसले होते. आबांचा फोन तिच्या हातात होता, आणि त्यात आलेले, इकडून तिकडं फिरणारे संदेश ती एकेक करून पुसत होती. मधेच आबांनी तिचा हात धरला.

“ह्यो ठेव. ह्यो खरा हाय.”

“कशावरनं?”

“मला म्हाईत हाय.”

“कोण म्हणतंय ते सांगा की. कुणी पाठवलाय?”

“आगं, रेजिमेंटमधल्या माणसानं पाठवलाय. त्यो खोटं कशाला पाठवंल?”

“त्येला कुणी पाठवलाय?”

आबांनी माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी म्हणेन म्हणून. इस्लामपूरची गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले. गाडी निघाली तरी ती बोट फोनवर ठेवून आबांच्या उत्तराची वाट बघत होती.